कपाट मावत नाही

टाइल्सच्या शोरूममध्ये त्याला सगळे काटकोन म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. शोरूमच्या मागच्या खोलीत बसून कॅटलॉगसाठी टाइल्सचे फोटो काढायचे, हे त्याचं काम. टाइल पुसायची, तिच्यावरचा बोटांचा ठसा घालवायचा, दोन्ही बाजूंचे दिवे सारखे करायचे आणि मग कॅमेऱ्यामागे उभं राहून कडा बघत बसायचं. कडा केसभर जरी कलली तरी गड्याला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा सासूबाई काहीतरी विचारत होत्या, आणि ह्याने उत्तर द्यायच्या आधी उठून त्यांच्या डोक्यावरचं भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं. बायको ही गोष्ट अजून चारचौघांत सांगते आणि लोक अजून हसतात.

अशा माणसाला त्याच्या बहिणीने एक दिवस फोन करून सांगितलं, की बाथरूममधल्या टाइल्स वाकल्यात.

"वाकल्यात म्हणजे?"

"म्हणजे रेघा लाटेसारख्या दिसतात रे. बसवणाऱ्याने काय घाण करून ठेवलीय, येऊन बघ एकदा."

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून शाळेचा डबा, तापात डोक्यावर पट्ट्या, गणितात नापास झाल्यावरचा मार आणि नंतर जवळ घेणं, हे सगळं ताईनेच केलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मापात बसणारा मिळाला नाही, आणि माणूस काही उसवून परत शिवता येत नाही." शिवणकाम हाच तिचा धंदा. नवीन कपडे ती फारसे शिवत नसे. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाचं अस्तर घालायचं, मुलांच्या शाळेच्या गणवेशाची दुमड सोडून तो वर्षभर आणखी चालवायचा, अशी कामं. वह्या-पेनांच्या एका दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या, एक राहायची आणि एक मशीनची.

काटकोन आला तो बुडबुड्याची लेव्हल आणि काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या घेऊनच. एखादा भाऊ आधी बहिणीला बघेल, चहा घेईल. ह्याने बाथरूमचा दिवा लावला आणि एकेका ओळीला लेव्हल लावत सुटला. बुडबुडा सगळीकडे बरोबर मधोमध. गुण्या प्रत्येक कोपऱ्यात चपखल.

"ताई, टाइल्स सरळ आहेत."

"बघ नीट."

"नीटच बघितलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालंय तुझं."

ताई हसली. मग दारात उभी राहून तिने एका डोळ्यावर हात ठेवला, तो काढून दुसऱ्यावर ठेवला. "ह्याने सरळ दिसतात," ती हळूच म्हणाली. "ह्याने नाही." पण तोवर लेव्हल पिशवीत गेली होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून घे, असं सांगून तो निघाला, आणि जाता जाता तिच्या गिऱ्हाइकांचा मोठा आरसा थोडा कलला होता तो सरळ करून गेला.

शाळा उघडायचे दिवस होते. गणवेशांचा ढीग पडला होता. ताईने डोळे दाखवायचं पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं. शेवटी गेली तेव्हा काटकोन सोबत होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी कागदावर गोल काढला आणि पेन्सिलीने त्याचा मधला भाग काळा केला. नजरेचा हा मधला भाग हळूहळू पुसट होत जातो, त्या म्हणाल्या. कडेचं दिसत राहतं, पार अंधार होत नाही. इंजेक्शनं देऊन दुसरा डोळा जमेल तेवढा टिकवू, पण किती टिकेल ते सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, तेव्हाच यायला हवं होतं. तेव्हा कुणाला बोलला नाहीत का?"

काटकोन मांडीवरच्या हातांकडे बघत राहिला.

"माझ्याच लक्षात आलं नाही," ताई झटकन म्हणाली.

जिना उतरताना त्याने तिचा हात धरला. तिला पायऱ्या तेव्हा चांगल्या दिसत होत्या, हात धरायची गरज नव्हती. पण तिने तो सोडवून घेतला नाही.

काही दिवसांनी तो गेला, तर ताई एका कोटाची शिवण नखाने चाचपून उसवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाळ्या, एक काम कर. माझा एक फोटो काढ. इथे, मशीनवर बसलेली."

"फोटो? तू तर कॅमेरा दिसला की पळतेस."

"आता नाही पळत. आयुष्यभर त्या आरशात गिऱ्हाईक बघितलं. कुठे घट्ट होतंय, कुठे झोळ पडतोय. मी स्वतः काम करताना कशी दिसते, मला माहीतच नाही. एकदा बघायचंय. दिसतंय तोवर."

एवढंच तिचं मागणं होतं. आयुष्यात तिने त्याच्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. दुसऱ्याच दिवशी तो कॅमेरा घेऊन हजर झाला. कॅमेरा ज्या पिशवीत होता ती ताईनेच शिवलेली, जाड कापडाची, आतून अस्तर, कॅमेऱ्याच्या अगदी मापाची. पहिल्या नोकरीच्या वेळी शिवून दिली होती आणि अजून तिचा एक टाका हलला नव्हता.

मशीनची खोली चिंचोळी. खिडकीखाली मशीन, मागे भिंतीवर रिळांची फळी, उजवीकडे आरसा आणि डावीकडे ते कपाट, ज्यात तयार कपडे चिठ्ठ्या लावून टांगलेले असत. समोरच्या बाजूला गॅलरीचं दार होतं, पण दाराला लागून इस्त्रीचं टेबल, त्यामुळे दार कधी उघडायचं नाही. काटकोन त्या टेबलाला पाठ टेकवून उभा राहिला. कॅमेऱ्याला त्याची लाडकी पस्तीस मिलिमीटरची लेन्स होती. ही लेन्स रेघ वाकवत नाही, म्हणून टाइल्ससाठी ती आणि सगळ्यासाठी तीच. बाजारात रुंद लेन्सा मिळतात, अख्खी खोली गिळतात, पण कडेच्या भिंती फुगवून ठेवतात. असल्या लेन्सचं तो नावही घेत नसे.

त्याने एक फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर तिला दाखवला. ताईने कॅमेरा नाकाशी नेला, चष्मा वर केला, मान थोडी वळवली, मग थोडी इकडे. सापडला. बराच वेळ ती बघत राहिली आणि खुदकन हसली.

"अगं बाई, मी अशी दिसते होय? हाच दे मला."

काटकोनाने कॅमेरा परत घेतला. डावीकडचं कपाट मधोमध चिरल्यासारखं अर्धंच आलं होतं. एक दार आहे, दुसरं नाही.

"ह्यात कपाट मावलं नाही."

"कपाटाला कोण विचारतंय?"

"थांब गं, चांगला काढतो." आणि बोलता बोलता त्याच्या अंगठ्याने कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं. रोज शंभर टाइल्स बाद करणारा अंगठा तो, त्याला विचार करायची सवय नव्हती. मग तो ह्या कोपऱ्यात गेला, त्या कोपऱ्यात गेला, स्टुलावर चढला. कपाट आलं तर आरसा कापला जायचा, दोन्ही आले तर ताईचं मशीन जायचं. तेही सगळे त्याने पुसून टाकले.

"ह्या कॅमेऱ्याने होणार नाही," तो शेवटी म्हणाला. "ह्याला फुल फ्रेम पाहिजे."

"ते आणि काय?"

तो सांगायला लागला, आणि ह्या विषयावर तो सुरू झाला की गाडीला ब्रेक नसे. लेन्समधून येणारा उजेड गोल पडतो. आतली उजेड टिपणारी पट्टी जुन्या फिल्मच्या मापाची असेल तर त्या गोलातून मोठा आयत उचलला जातो, तीच फुल फ्रेम. ह्याच्या कॅमेऱ्यात पट्टी लहान, म्हणून फक्त मधलाच भाग उचलला जातो आणि कडेचा उजेड आतल्या आत वाया जातो.

ताईने ऐकून घेतलं. "म्हणजे कापड पूर्ण आलंय, पण तुझा साचा लहान. मधला तुकडा घेतोस आणि कडा चिंध्यांत टाकतोस."

"बरोब्बर. मोठा साचा घेतला की ह्याच लेन्सने, ह्याच जागेवरून, कपाटही येईल. रेघ न वाकवता."

"माझं उलटं आहे," ताई म्हणाली. "माझं मधलं जाणार आणि कडा राहणार. चांगली जोडी जमलीय आपली." ती हसली म्हणून तोही हसला.

कॅमेऱ्याचं दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. दुकानदार दिव्याखाली बसून फुंकणीने लेन्सवरची धूळ उडवत असे. माणूस सरळ होता. काटकोनाचं सगळं ऐकल्यावर म्हणाला, "तुमच्या टाइल्स हलत नाहीत, दिवे तुमचे स्वतःचे. तुम्हाला फुल फ्रेमची गरज नाही, हे माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतो. हां, कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो, दाणे दिसत नाहीत. माणूस तेवढा नेमका उठतो, मागचं धूसर होतं. पण मग फोकसही नेमका लागतो, इकडचा तिकडे झाला की संपलं. वजन जास्त, लेन्सा महाग. कशासाठी हवाय तेवढं सांगा."

"घरच्या एका फोटोसाठी."

"एका फोटोसाठी? मग भाड्याने न्या की. सकाळी न्या, संध्याकाळी आणून द्या."

आता शहाणा माणूस इथे काय करेल? भाड्याने नेईल, बहिणीचा फोटो काढेल, संध्याकाळी परत देईल. पण काटकोनाला ते पटेना. परका कॅमेरा, त्याचे रंग कसे येतात माहीत नाही, हात बसलेला नाही. ताईचा फोटो असा उसनवारीवर काढायचा नाही. आणि एवढ्यात दुकानदाराने एक फुल फ्रेम त्याच्या हातात दिला होता. काटकोनाने आपली पस्तीसची लेन्स त्यावर चढवली आणि डोळा लावला. तीच लेन्स, तोच तो, पण दुकानाच्या दोन्ही भिंती छतापासून जमिनीपर्यंत समोर उभ्या, आणि दोन्ही सरळ. इतकी वर्षं आपण खिडकीचं एकच दार उघडून बाहेर बघत होतो, असं त्याला वाटलं. घ्यायचा तर फुल फ्रेमच, हे तिथेच ठरलं. कुठला घ्यायचा, एवढंच ठरायचं राहिलं.

आणि तिथेच घोडं अडलं. रोज संध्याकाळी जेवताना ताटाशेजारी मोबाईल उभा राहू लागला. जगात कॅमेरे तपासणारी माणसं किती आहेत आणि ती सगळी विटांच्या भिंतींचेच फोटो का काढतात, हे घरात सगळ्यांना कळलं. काटकोनाला मात्र त्या विटा बघताना ब्रह्मानंदी टाळी लागायची. अमक्या मॉडेलचा कोपरा किंचित मऊ येतो. तमक्यात अंधारात दाणे कमी, पण रंग थंड. आत आरसा असलेला कॅमेरा घ्यावा तर तो आता जुना प्रकार झाला. बिनआरशाचा घ्यावा तर ह्याच्या लेन्सला मध्ये जोडकडं लावावं लागेल, आणि जोडकड्याने कोपरे बिघडले तर? एकदा ठरवलं आणि दुकानात जायला निघाला, तर कुणीतरी म्हणालं, थोडं थांबा, नवीन मॉडेल येतंय. तो थांबला.

"अहो, आपल्या वेळी एवढी चौकशी केली असतीत तर आपलं लग्नच झालं नसतं," बायको म्हणाली.

"तुझ्यात निवडायला दुसरं मॉडेल नव्हतं," तो म्हणाला, आणि दोघं हसली. मग ताट उचलता उचलता ती सहज बोलली, "ताई काल माझ्याशी बोलताना सारख्या माझ्या कानाकडे बघत होत्या."

"हो का," काटकोन म्हणाला. मोबाईलवर कुणीतरी दोन भिंती शेजारी शेजारी ठेवून दाखवत होता.

सुरुवातीला ताई विचारायची, "आला का तुझा कॅमेरा?" मग तो तिच्या समोर बसून सगळं सांगे, कोपरे, दाणे, जोडकडं. ती हातातल्या कापडाची घडी घालत हं हं करी. एकदा तिने मध्येच म्हटलं, "जुन्यानेच काढ ना रे. अर्धं कपाट चालेल मला." तो म्हणाला, "ताई, एकदाच काढायचाय तर चांगला काढू." हे ऐकायला किती चांगलं वाटतं. ताईलाही वाटलं असावं, कारण नंतर तिने विचारणं बंद केलं. काटकोनाने मनाशी धरलं, की चांगल्या गोष्टीला वेळ लागतो हे तिला पटलंय. तिने का विचारणं सोडलं असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. तो तिच्याकडे जातच होता, दर आठवड्याला जात होता. पण गेला की कॅमेऱ्याचं बोलायचा, आणि राहायच्या खोलीत बसूनच बोलायचा. मशीनच्या खोलीचं दार लोटलेलं असे.

नवीन मॉडेल आलं. ते फार महाग होतं आणि तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की जुन्यापेक्षा त्यात विशेष काही नाही. शेवटी काटकोनाने जो कॅमेरा घेतला तो पहिल्या दिवशी दुकानात हातात धरलेलाच. दुकानदाराने खोक्यावरची धूळ फुंकून तो त्याच्यासमोर ठेवला. "तोच घेतलात," एवढंच तो म्हणाला. काटकोनाने पिशवी उघडली, पण नवा कॅमेरा अंगाने मोठा. ताईने शिवलेल्या पिशवीत तो काही केल्या जाईना. दुकानदाराने फुकटात दिलेल्या काळ्या बॅगेत घालून त्याने तो घरी आणला. पिशवीत जुनाच राहिला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन्ही कॅमेरे घेऊन तो ताईकडे गेला. उजेड छान होता, मऊ आणि एका बाजूने येणारा. त्याने मशीनच्या खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकला. फळीवरची रिळं तशीच होती, पण कपाटात कपडे नव्हते, नुसते हँगर. मशीनवर आच्छादन होतं आणि त्याच्यावर धूळ. समोर गॅलरीचं दार सताड उघडं होतं.

"इस्त्रीचं टेबल कुठे गेलं?"

"खालच्या लाँड्रीवाल्याला दिलं," ताई मागून येत म्हणाली. "एका गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला मी. मग म्हटलं, पुरे. बाकीचे कपडेही ज्याचे त्याला परत दिले."

"मला बोलली नाहीस."

"तू तुझ्या गडबडीत होतास रे." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तिने हातानेच आच्छादन काढलं, चाकावरून हात फिरवला, स्टूल पुढे ओढलं आणि बसली. सुईखाली एक कापडाचा तुकडा सरकवला. हे सगळं इतकं सराईत होतं, की क्षणभर त्याला वाटलं, काही बिघडलेलं नाही. तो त्याच्या जुन्या जागेवर उभा राहिला, जिथे पाठीला टेबल लागायचं, आणि त्याने नव्या कॅमेऱ्याला डोळा लावला. सगळं आलं. मशीन, खिडकी, आरसा, आणि डावीकडे कपाट, दोन्ही दारांसकट. एकही रेघ कललेली नाही. एका लहानशा चौकोनाने ताईचा चेहरा शोधला आणि तो तिच्या डोळ्यावर जाऊन बसला. काटकोनाचा ऊर भरून आला. एवढे दिवस घालवले ते ह्याच्यासाठीच, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"ताई, कॅमेऱ्याकडे बघ."

"बघतेय."

"खिडकीकडे बघतेस तू. इकडे, सरळ माझ्याकडे."

तिने मान थोडी हलवली. नजर आणखी बाजूला गेली.

"सरळ गं, ताई. सरळ."

"बाळ्या," ती शांतपणे म्हणाली, "सरळ बघितलं की तू दिसत नाहीस. असं बाजूला बघितलं की थोडासा दिसतोस. मी तुझ्याकडेच बघतेय."

बोट बटणावर होतं, ते तसंच राहिलं. खालून रस्त्यावरून बस वळल्याचा आवाज आला. मग त्याने फोटो काढला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

नंतर ताई पाणी प्यायला आत गेली. काटकोन खोलीत एकटा उभा होता. काय मनात आलं कोण जाणे, त्याने पिशवीतून जुना कॅमेरा काढला, नव्यावरची पस्तीसची लेन्स त्यावर चढवली आणि मागे सरकत गॅलरीच्या दारातून बाहेर गेला. कठड्याला पाठ लागली तेव्हा डोळा लावला. मशीन आलं. आरसा आला. डावीकडे कपाट आलं, पुरतं, दोन्ही दारांसकट, आणि तरी कडेला बोटभर भिंत उरली. रेघा सगळ्या सरळ.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. टेबल हलवायला हवं होतं. तेवढंच. आणि त्या टेबलाला चाकं होती. ताई केर काढताना ते एका हाताने सरकवायची, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. जुना कॅमेरा हातात धरून तो गॅलरीत उभा राहिला. खाली लाँड्रीवाला त्याच टेबलावर कुणाची तरी चादर इस्त्री करत होता. काटकोनाला स्वतःची इतकी लाज वाटली, की ताईने आतून हाक मारली तेव्हा त्याने आधी जुना कॅमेरा पिशवीत लपवला.

फोटो त्याने चांगल्या कागदावर मोठा छापून घेतला. छापणारा म्हणाला, काय स्पष्ट आलाय, पापणी न् पापणी मोजून घ्यावी. काटकोनाने मान डोलावली आणि फोटो गुंडाळून घेतला.

ताईने आधी हात धुतले आणि कोरडे केले. पांढऱ्या कापडाला हात लावायच्या आधी ती नेहमी असंच करायची. मग जेवायच्या टेबलाशी बसून तिने फोटो समोर धरला. चारी कडांवरून बोटं फिरवली. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, फोटो जवळ नेला, लांब धरला. काटकोन समोर बसून बघत होता. ती बघायची धडपड करत होती आणि त्याला मदत करता येत नव्हती.

"मोठा आहे रे," ती म्हणाली. "इकडे हे उभं, गडद... हे कपाट ना?"

"हो."

"आणि ह्या बाजूला चकाकतंय तो आरसा."

"हो."

"म्हणजे कडा दिसतात मला." ती जरा हसली. "आलं एकदाचं तुझं कपाट."

गुंडाळी होऊ पाहणारी फोटोची कड त्याने बोटाने सपाट धरली.

"आणि मधे?"

"मधे तू आहेस, ताई."

तिने आणखी एकदा मान वळवून पाहिलं. मधे जिथे ती होती, तिथे तिची नजर पुन्हा पुन्हा जाऊन रिकामी परत येत होती. शेवटी तिने फोटो टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात पसरला, बरोबर स्वतःच्या चेहऱ्यावर, हे तिला कळलंही नसेल.

"तो पहिला फोटो, तू पुसलास तो," ती म्हणाली, "तो मला चांगला आठवतो. अगदी लख्ख. मान अशी खाली, आणि गालात हसत होते मी, कुणी बघत नाहीये असं समजून. मला वाटलं होतं, मी कामाला बसले की कायम कपाळाला आठ्या घालून बसत असेन. तशी नव्हते." ती थोडी थांबली. "ह्यातही तशीच आहे का रे? त्या दिवशी होते तशी?"

काटकोनाने फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या दिवशीचा फोटो त्याने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. अर्धं कपाट आलं, एक दार असलेलं. चिरल्यासारखी भिंत आली. मधे मशीन होतं, मशीनवर कुणीतरी होतं. त्याच्या पलीकडे काही आठवेना. त्या फोटोत ताई कशी दिसत होती, ते त्याने पाहिलंच नव्हतं.

"आहे का?" ताईने पुन्हा विचारलं.

"हो," काटकोन म्हणाला. "तशीच आहेस."